२२ वर्षांनी पुन्हा एफवाय : हात चालेना, डोकंही चालेना

बोरीकाठची | ८ जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

२००२ ला बारावी, २००३ ला एफवायबीए पास, त्याच उन्हाळ्यात लग्न. एसवायची फी भरून झाली होती, ती पावती अजून माझ्या ट्रंकेत आहे. मग सासर, दोन पोरं, किराणा दुकान. मधली पाच वर्षं राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्यही होते. आता मुलगी नाशिकला नर्सिंगला, मुलगा अकरावीत. यंदा मी तालुक्याच्या कॉलेजात परत एफवायबीएला ॲडमिशन घेतली. (कॉलेज कुठलं ते विचारू नका, सगळे ओळखीचे निघतात.) जुनं एफवाय वार्षिक परीक्षेचं, आता सगळं सेमिस्टर आणि क्रेडिट. ते बसवून घ्यायच्या खटपटीपेक्षा म्हटलं पायापासूनच करू.

घरात विरोध नाही. हे म्हणाले, "तुले जे करनं ते कर, पन दुकान सातले उघडाले जोयजे." सासूबाई म्हणाल्या, "आते काय कलेक्टर व्हशी का?" पण पहिल्या दिवशी डबा त्यांनीच भरून दिला, वर मिरचीचा ठेचा वेगळ्या डबीत.

खरी अडचण वेगळीच आहे. रात्री नऊला शटर अर्धं ओढून काउंटरवर पुस्तक उघडते. राज्यशास्त्राचं एक पान वाचायला पंधरा मिनिटं. दुसऱ्या पानावर अक्षरं एकमेकांवर चढायला लागतात, कपाळ ठणकतं. लिहायला घेतलं तर दीड पानात अंगठ्याच्या मुळाशी कळ. काल हिशेब केला की या २२ वर्षांत मी लिहिलं काय? उधारीची वही. "नाना, साखर २ किलो, ८८." नाव, वजन, रुपये. क्रियापद असलेलं एक वाक्य लिहिलेलं आठवत नाही.

वयामुळे डोकं बंद पडतं का हो? कोणी गेलंय का या वाटेने?

---

गिरणाथडी | ८ जुलै, रात्री ११.१५

ताई, आधी अभिनंदन. मी ३६ व्या वर्षी बीए केलं, पण मुक्त विद्यापीठातून. नाशिकचं यशवंतराव चव्हाण, १९८९ पासूनचं आहे. पुस्तकं घरी बसून समजतील अशीच लिहिलेली असतात आणि रोजच्या वर्गाची भानगड नाही. दुकान सांभाळून रेग्युलर कॉलेज म्हणजे दोन बोटींवर पाय. अजूनही वेळ गेलेली नसेल तर विचार करा. लोक म्हणतात त्या डिग्रीला किंमत नाही, ते चूक. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

---

बोरीकाठची | ९ जुलै, सकाळी ६.२०

दादा, मुक्तचा विचार केला होता. पण मला स्वतःची ओळख आहे. घरी बसून अभ्यास म्हटलं की गिऱ्हाईक, पाहुणा, कुकरची शिट्टी, सगळे अभ्यासाच्या आधी. कॉलेजला जायचं म्हटलं की निदान तेवढे चार तास मी घरात नसते. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, जाऊन-येऊन परवडतं. दुकान सात ते दहा मी, मग हे, संध्याकाळी परत मी.

---

पांझरा_काठ | ९ जुलै, सकाळी ९.०५

कागदपत्रांचं काय केलंत? माझ्या वहिनीचं यातच घोडं अडलंय. १६ वर्षांचा खंड आहे.

---

बोरीकाठची | ९ जुलै, दुपारी २.३०

बसा, रामायण सांगते.

टीसी जुन्या कॉलेजात मिळाला, फक्त दोन चकरा. खंडाचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं: अमुक ते अमुक काळात मी कुठल्याही कॉलेजात शिकत नव्हते. त्याचा मजकूर कॉलेजकडूनच घ्या. मी सेतूवाल्याच्या मजकुराने केलं आणि परत करावं लागलं.

मग नाव. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं. नव्या पद्धतीत प्रत्येकाला क्रेडिटचं खातं काढावं लागतं, एबीसी आयडी म्हणतात, ते आधारवरून निघतं. म्हणजे खातं एका बाईचं आणि बारावी दुसऱ्याच बाईची! आमचा विवाह नोंदणीचा दाखलाच नव्हता. लग्नानंतर २२ वर्षांनी ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली, साक्षीदार म्हणून ज्यांनी लग्नात पंगत वाढली होती तेच तिघे सापडले. माझं त्या दाखल्यावर भागलं. काही ठिकाणी नाव बदलल्याचं राजपत्र मागतात, म्हणून वहिनींना आधी विचारून घ्यायला सांगा.

वरून खिडकीवरच्या भाऊंनी माझी २००३ ची मार्कशीट उलटीपालटी करून विचारलं, "हे विद्यापीठ कोणतं?" त्यावर नुसतं "उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ" आहे ना. म्हटलं, भाऊ, बहिणाबाईंचं नाव २०१८ ला लागलं, तोवर माझी पोरगी दहावीच्या उंबऱ्यावर होती.

---

निवृत्त_मास्तर | ९ जुलै, रात्री ८.००

खिडकीवरचा भाऊ तरुण असणार. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ आले होते, त्यांच्या एफवायच्या मार्कशीटवर पुणे विद्यापीठ. आपलं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला झालं, त्याआधी अख्खा खानदेश पुण्याला जोडलेला होता. त्यांना त्या एका कागदापायी पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागल्या. तुम्ही सुटलात म्हणायचं.

(३१ वर्षं सीनियर कॉलेजात शिकवून निवृत्त झालोय. आता केळीच्या पानावर जेवतो आणि इथं फुकटचे सल्ले देतो.)

डोकं बंद पडलेलं नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं माणूस भराभर विसरतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं दुसरं निरीक्षण लोक सांगत नाहीत: विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. पार पुसलं गेलं असं वाटलं तरी काहीतरी तळाशी राहतं. तुम्हाला एफवायचं अर्थशास्त्र आठवत नसेल, पण मागणी-पुरवठ्याची आकृती दुसऱ्यांदा बघाल तेव्हा ओळखीचा चेहरा दिसल्यासारखं होईल. बघा आणि कळवा.

हाताचं उद्या लिहितो. तो मोठा विषय आहे.

---

स्पष्टवक्ता४७ | ९ जुलै, रात्री ९.२२

कोणी रागावू नका, पण ४१-४२ व्या वर्षी बीए करून मिळणार काय? नोकरीची वयोमर्यादा संपली. त्यापेक्षा तोच वेळ दुकानाला दिला तर चार पैसे तरी दिसतील. उगाच हौस.

---

केळीवाला_रावेर | ९ जुलै, रात्री ९.४०

भो, हौसच आहे. तुम्ही गेल्या वर्षी दीड लाखाची बुलेट घेतली, तिला किती ॲव्हरेज पडतं ते आम्ही विचारलं का?

---

स्पष्टवक्ता४७ | ९ जुलै, रात्री ९.४४

बुलेटचा विषय वेगळा आहे.

---

निवृत्त_मास्तर | १० जुलै, दुपारी ४.१०

आता हात.

परत आलेले विद्यार्थी मी बरेच पाहिले. रेल्वेतले, पोलिसातले, शिवणक्लास चालवणाऱ्या बाया. वर्गात उत्तरं तेच देत. पेपरात मात्र अर्ध्यावर थकत, आणि सगळे म्हणत, "सर, आठवत नव्हतं." उत्तरपत्रिका काढून बघावी तर पहिली दोन उत्तरं उत्तम, तिसरं आखूड, चौथ्याला नुसते मुद्दे. आठवत नव्हतं असं नाही, मनगट संपलं होतं. मोबाइलवर बोटं चालतात म्हणून लिहिण्याचा सराव राहत नाही.

रोज दहा ओळी. पहिला आठवडा नुसतं पुस्तकातून उतरवा, अक्षरासाठी आणि बोटांसाठी. डोक्याला त्यात काम नको. दुसऱ्या आठवड्यापासून एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, जेवढं आठवेल तेवढं लिहायचं, मग उघडून ताडायचं. हे मिटणं फार महत्त्वाचं. पुन्हापुन्हा वाचलं की "येतंय" असा भास होतो, मिटल्यावर खरं कळतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत एक पान, सप्टेंबरात दोन. बॉलपेन घट्ट धरून दाबून लिहायची सवय असेल तर पेन बदला, हलकं चालणारं जेल पेन घ्या. आणि काउंटरवर लिहू नका. काउंटर उंच असतो, खांदा वर राहतो. पाट घेऊन खाली बसा किंवा टेबल शोधा.

---

सिस्टर_भुसावळ | १० जुलै, रात्री ११.५०

नाइट ड्यूटीवरून लिहितेय, थोडक्यात.

ताई, सरांचं सगळं बरोबर. पण पंधरा मिनिटांत अक्षरं एकमेकांवर चढतात आणि कपाळ ठणकतं हे वाचून मला वेगळीच शंका येतेय. एक सांगा. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघताना पुडा डोळ्यांपासून लांब धरता का?

---

बोरीकाठची | ११ जुलै, सकाळी ६.०५

सिस्टर, आताच दुकान उघडायच्या आधी एक पुडा हातात घेतला. हात पूर्ण लांब केला. तरी तारीख दिसेना. पोराला म्हटलं वाच, तर म्हणतो, "मम्मी, तू तर रोज मलेच वाचाले लावतीस."

---

सिस्टर_भुसावळ | ११ जुलै, सकाळी ८.१५

झालं मग. चाळिशी लागलीय. चाळीसच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं, सगळ्यांना होतं. बाजारात टांगलेला शंभराचा चष्मा उचलू नका, दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो. नीट तपासून घ्या, त्याच चकरेत बीपी-शुगर पण.

---

बोरीकाठची | १५ जुलै, रात्री ९.५०

धुळ्याला जाऊन आले. दोन्ही डोळ्यांना अधिक सव्वा. बीपी-शुगर ठीक.

डॉक्टरांनी चष्मा लावून वाचायला एक कार्ड दिलं. सगळ्यात खालची बारीक ओळ वाचली आणि मला तिथंच हसू फुटलं. गेला महिनाभर मी रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते की २२ वर्षांत डोकं गंजलं, आणि निघालं काय, तर चाळिशी!

आज एक पान चार मिनिटांत झालं. सिस्टर, भुसावळला आले की तुमच्यासाठी बिबडे आणते.

---

केळीवाला_रावेर | १५ जुलै, रात्री १०.३०

घ्या! आणि मास्तर आपले थेट जर्मनीला जाऊन आले.

---

निवृत्त_मास्तर | १५ जुलै, रात्री १०.४१

मान्य. ३१ वर्षांत एकाही विद्यार्थ्याला मी पुडा लांब धरता का, असं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. निदान पाच-सहा नावं आत्ता डोळ्यांसमोर येतायत.

---

केळीवाला_रावेर | १६ जुलै, सकाळी ७.००

माझं पण सांगून टाकतो. ३८ व्या वर्षी तीन वर्षांच्या एलएलबीला गेलो. सीईटी दिली, लागली. बांधावरच्या भांडणात वकील जे बोलत होता ते समजत नव्हतं, तेवढ्यासाठी. वाचायला बसलो की झोप यायची. पहाटे चारला बागेत, दिवसभर कटाई, गाडी भरणं, मग अंग टेकलं की गेलं. शेवटी कलमं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवताना कानात घालून ऐकली. मजूर म्हणायचे, मालक स्वतःशीच भांडतो.

पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत एटीकेटी. लाज वाटली, घरी तीन दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं तर बाप म्हणे, "पहिल्या वर्षी लावलेली केळी बी वाऱ्यात पडली होती." पुढच्या खेपेला निघाले.

ताई, एक चूक करू नका. मी पहिल्याच महिन्यात सगळे विषय सारखे ओढले. तुम्हाला जो आवडतो तो आधी धरा. त्यात पाय रोवला की बाकीचे मागून येतात.

---

बोरीकाठची | २३ जुलै, रात्री ९.३०

आवडणारा विषय राज्यशास्त्रच निघाला, आणि त्यात मजा झाली.

वर्गात ४० पोरं-पोरी, सगळी १८ ची. पहिले आठ दिवस मी शेवटच्या बाकावर. मला "काकू" म्हणतात, ते चालतं, पण बाकावर शेजारी कोणी बसेना. काल पंचायत राज सुरू झालं. ७३ वी घटनादुरुस्ती, महिलांना एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. मॅडमनी विचारलं, ग्रामसभा वर्षातून किमान किती? एक पोरगं म्हणालं एक. मी मागून म्हटलं, चार. गणपूर्ती? पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा. मॅडम म्हणाल्या, पाठ केलंत का? म्हटलं, मॅडम, पाठ कशाला, मी पाच वर्षं तिथं बसलेय. त्या शंभरासाठी शिपायासोबत घरोघर फिरलेय. कोणाची भाकर तव्यावर, कोणाचा कापूस वेचायचा राहिलेला. आधी महिलांची ग्रामसभा, तिला तर मीच बायकांना दुकानातून हाक मारून आणायची.

मॅडमनी मला पुढं बोलावून दहा मिनिटं बोलायला लावलं. हात थरथरत होते. आज दोन पोरी शेजारी येऊन बसल्या. एकीने विचारलं, काकू, सरपंचाची सही नसली तर खरंच चेक वटत नाही का?

पण सर, तेच सगळं घरी येऊन लिहायला बसले तर पाच ओळी. बोलले दहा मिनिटं, लिहिलं पाच ओळी!

---

निवृत्त_मास्तर | २४ जुलै, सकाळी ११.००

मग बोलून घ्या आणि बोललेलं लिहा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐकत ऐकत उतरवा. अनुभव पेपरात तसाच लिहू नका मात्र. आधी तरतूद, मग तुमच्या गावचं उदाहरण. तपासणारा तरतूद शोधत असतो. उदाहरण दिसलं की तो जागा होतो.

---

नंदुरबारची_पोर | २७ जुलै, दुपारी १.१०

सगळं वाचून धीर करून विचारते. माझी दहावी झाली, अकरावी अर्ध्यात सोडली, नऊ वर्षं झाली. बारावीच नाही तर काय करू? परत अकरावीच्या वर्गात बसायची लाज वाटते.

---

पांझरा_काठ | २७ जुलै, दुपारी ३.००

वर्गात बसायची गरज नाही. बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, खासगी विद्यार्थी म्हणून थेट बारावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरून बोर्ड नेमून देईल त्या ज्युनियर कॉलेजात कागदपत्रं द्यायची. नंदुरबार नाशिक विभागीय मंडळात येतं. फॉर्मची मुदत पाळा, उशीर झाला तर जास्तीची फी. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसतील तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहेत. (हे बारावीला एकदाही न बसलेल्यांसाठी. नापास असलेल्यांचा रस्ता वेगळा, त्यांनी जुन्या कॉलेजात रिपीटर म्हणून विचारायचं.)

---

नंदुरबारची_पोर | २७ जुलै, दुपारी ३.२०

नापास नाही, बसलेच नव्हते. उद्या जाऊन विचारते. 🙏

---

बोरीकाठची | ७ ऑगस्ट, रात्री १०.१५

पडले.

रविवारी कानबाई, आपल्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. आमच्या भाऊबंदकीत यंदा आमच्याकडेच बसली. चार दिवस आधीपासून घर सारवणं, गहू दळणं, रोट, पुरणपोळ्या, तीस माणसं. रविवारी रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन, आणि मंगळवारी सकाळी पहिली अंतर्गत टेस्ट. २० पैकी ७.

पेपर अवघड नव्हता. प्रश्न वाचला, उत्तर माहीत होतं, आणि पेन धरून मी चक्क डुलकी घेतली. पर्यवेक्षक मॅडमनी खांद्याला हात लावला.

कॉलेजवाल्यांना ती तारीख कळत नाही का, असं आधी वाटलं. मग वाटलं, वेळापत्रक पंधरा दिवस आधी लागलं होतं. मी ते बघितलं होतं आणि घरात कोणाला बोलले नव्हते. कानबाईच्या तोंडावर "माझी टेस्ट आहे" कसं म्हणायचं?

---

सिस्टर_भुसावळ | ८ ऑगस्ट, सकाळी ७.४०

म्हणायचं. ड्यूटी असली की मी म्हणते. सुरुवातीला माझ्याही घरी तोंडं वाकडी झाली, आता कॅलेंडरवर माझी नाइट सासरेच लाल पेनने लिहितात. तुमचं वेळापत्रक दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा, घरातल्या नको. दुकानातलं सगळे बघतात. दिवाळी, लग्नं, एप्रिल-मेच्या परीक्षांच्या दिवसांत येणारी आखाजी (अक्षय्य तृतीया), सगळं आत्ताच बघून ठेवा. आखाजीला तुम्ही माहेरी जाणार की नणंदा तुमच्याकडे येणार?

---

बोरीकाठची | ८ ऑगस्ट, रात्री ९.००

चारही नणंदा येणार. 😄 लिहिलं कॅलेंडरवर. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यांनी पोराला विचारलं लाल काय आहे. त्याने सांगितलं, मम्मीचे पेपर. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री भाकरी त्यांनी थापल्या.

---

निवृत्त_मास्तर | ९ ऑगस्ट, दुपारी १२.२०

२० पैकी ७ ने काही बुडत नाही. अंतर्गत गुणांत टेस्टसोबत बऱ्याच ठिकाणी असाइनमेंट, सादरीकरण, हजेरी असते. मॅडमना सरळ भेटा, रडगाणं न गाता विचारा की हे गुण कशात भरून निघतील.

आणि कधी अगदीच सोडायची वेळ आली तर एवढं माहीत असू द्या. नव्या धोरणात पहिलं वर्ष ४० ते ४४ क्रेडिटचं, त्यावर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर सर्टिफिकेट घेऊन थांबता येतं, दोन वर्षांनी डिप्लोमा. क्रेडिट खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. २००३ ची पावती ट्रंकेत ठेवायची वेळ आता नाही. सोडा असं म्हणत नाहीये, दार कुठे आहे ते दाखवून ठेवतोय.

---

स्पष्टवक्ता४७ | ३० ऑगस्ट, रात्री १०.०५

जुना धागा वर काढतोय. माझी बायको हा धागा वाचत होती. तिचं एसवायबीकॉम झालेलं आहे, २००९. कागदपत्रं काय लागतील ते पहिल्यापासून सांगाल का?

---

केळीवाला_रावेर | ३० ऑगस्ट, रात्री १०.०७

😂😂 बुलेटवर बसवून कॉलेजात सोडा भो. ॲव्हरेजचा विषय वेगळा आहे.

---

पांझरा_काठ | ३० ऑगस्ट, रात्री १०.३०

वर ताईंनी सगळं लिहिलंय ते वाचा. शिवाय दोन वर्षं पूर्ण असतील तर जुन्या पॅटर्नच्या समकक्षतेबद्दल कॉलेजला लेखी अर्ज द्या. लेखी. तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणतात.

---

बोरीकाठची | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४५

बरेच दिवसांनी. दीड महिना रोज लिहितेय. काउंटर सोडला, गोदामात तेलाच्या डब्यांवर फळी टाकून टेबल केलंय. पान-दीड पान होतं. दोन पानांना अजून मनगट बोलतं.

एक गंमत सांगायची राहिली. परवा ह्यांनी उधारीची वही काढली आणि मला हाक मारली. "हाई काय लिखी ठेयं?" बघितलं तर मी लिहिलं होतं: "नानांनी कापूस विकल्यानंतर संपूर्ण रक्कम देण्याचे कबूल केले आहे." पूर्ण वाक्य, शेवटी पूर्णविरामसुद्धा. हे म्हणतात, "निबंध लिखी राहिनी का? किती रुपये ते तं लिखंच नही!"

खरंच लिहिले नव्हते. नानांना विचारावं लागलं. भला माणूस, ३४० म्हणाला.

---

नंदुरबारची_पोर | १४ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

ताई, माझा १७ नंबरचा फॉर्म भरला. 🙂 तुमच्यासारखं दहा ओळींपासून सुरू केलंय.

---

बोरीकाठची | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७.३०

आज राज्यशास्त्राचा पेपर झाला. सकाळी शेतात वेचणीच्या बायांचं काटा-माप करून निघाले, कापसाची बोंडं नखात तशीच. एसटी वीस मिनिटं उशिरा, पण मी एक गाडी आधीची धरली होती.

सगळे प्रश्न लिहिले. पंचायत राज आलं होतं, आधी तरतूद, मग गाव. शेवटच्या प्रश्नाला अक्षर पार बिघडलं, ओळी खाली उतरत गेल्या, पण लिहिला. शेजारचं पोरगं अर्धा तास आधी उठून गेलं, मी घंटेपर्यंत. बाहेर आल्यावर बोटं सरळ होईनात, पाण्याची बाटली त्या दोघींनी उघडून दिली. मधे चष्म्यावर घाम येत होता, उद्यापासून पदराऐवजी रुमाल नेते.

शुक्रवारी इंग्रजी. उताऱ्याचा सारांश एक तृतीयांशात लिहायचा असतो तो मला जमतच नाही, सगळंच महत्त्वाचं वाटतं. मास्तर, आहात का?

---

निवृत्त_मास्तर | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७.५०

आहे, पण मळ्यात. भरीत पार्टी आहे, वांगी तुरकाट्यांवर टाकलीत आणि मला कळण्याच्या भाकरींवर लक्ष ठेवायला बसवलंय. घरी जाऊन दहापर्यंत लिहितो. तोवर एक उतारा घ्या आणि ज्या वाक्यात उदाहरण आहे ते पेन्सिलीने खोडा. फक्त तेवढंच. उरलेलं मला इथं टाकून ठेवा.